टूमींचं गाणं

किलवोर गावात राहणारी सगळी माणसं आयरिशच आहेत. तरीही त्यांच्या पोरांना आयरिश कसं असायचं ते शिकवायला दरवर्षी जुलैत गावच्या हॉलात शिबिर भरतं, आणि आईबाप रांग लावून त्याचे पैसे भरतात. सोमवारी पोरांना हिरवे टी-शर्ट वाटतात. शुक्रवारी पोरं स्टेजवर चढतात, आईबाप मोबाइल वर धरतात आणि संस्कृती वाचली एकदाची म्हणून घरी जाऊन पिझ्झा मागवतात.

गॉबनिट लेहीनला या शिबिराची मनापासून शिसारी यायची, आणि तरी ती तिथे गाणं शिकवत होती. दुसरी जागाच उरली नव्हती. तिला स्वतःला गाणी मिळाली ती स्वयंपाकघरांतून, शेगडीशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून. आता गावातल्या स्वयंपाकघरांत मधोमध संगमरवरी ओटा असतो, भिंतीवर टीव्ही असतो, आणि कुणी बसल्या बसल्या गायला लागलं तर घरची माणसं काळजीने बघतात, याला काही झालं तर नाही ना!

शिबिर चालवायचा कोलमन टार्पी. डब्लिनला दह्याच्या जाहिराती करून करून कंटाळला आणि गावी परतला. दही संपलं, आता त्याला गाव विकायचं होतं. ‘वारसा’ हा शब्द तो असा उच्चारायचा, जसा भाजीवाला ‘ताजी’ म्हणतो. हॉलच्या दारात त्याने पुठ्ठ्याची भलीमोठी हार्प, आयर्लंडची ती वीणा, उभी केली होती, मधे तोंड घालून फोटो काढायला भोक ठेवलेली. मोठ्या खोलीत नाच चालायचा. तिथल्या सरळ केसांच्या पोरींच्या डोक्यावर शुक्रवारसाठी कुरळ्या केसांचे टोप चढत, आणि ज्या देशात उन्हाळ्यातही ऊन पडत नाही तिथे त्यांच्या गोऱ्या पायांना आया डब्यातलं ऊन, म्हणजे तपकिरी रंग, फासत. पलीकडे बकऱ्याच्या कातड्याचे डफ बडवले जात. गाण्याच्या वाट्याला आली होती कोट टांगायची खोली. ओल्या लोकरीचा वास, आठ पोरं आणि गॉबनिट.

आठांतल्या सातांना आईबापांनी पाठवलं होतं. एकटी ॲल्वा टूमी स्वतःहून आली होती, आणि पहिल्याच दिवशी तिने गॉबनिटला बाजूला घेऊन सांगितलं, “मला शुक्रवारी आमचं गाणं म्हणायचंय. पूर्ण. आजोबा येणारेत.”

ॲल्वाचा आजोबा फिनबार टूमी. गॉबनिटला निम्मी गाणी त्याच्याच स्वयंपाकघरात मिळालेली. दोन वर्षांपासून तो तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात होता. त्याच्या डोक्यातून आधी शेजारी गेले, मग मुलं गेली, मग गेल्या हिवाळ्यात खुद्द ॲल्वा गेली. गाणी तेवढी मागे राहिली होती. पण हल्ली त्यांचीही कडवी गळू लागली होती.

“तिथेच जाऊन म्हण की,” गॉबनिट म्हणाली. “स्टेज कशाला हवं?”

“तिथे आश्रमवाले गाऊच देत नाहीत. माणसं आजारी आहेत म्हणतात, ओरडू नकोस म्हणतात. आजोबांना वाटतं, आपण कुणाला तरी भेटायला आलोय आणि बस चुकलीय.” ॲल्वाने नाक पुसलं. “आश्रमाची गाडी शुक्रवारी त्यांना इकडे आणणार आहे. वर्षातून एकदाच आणतात. या हॉलात ते जन्मभर गायलेत, इथे त्यांना आठवेल. पुढच्या वर्षी आठवणार नाही, गॉबनिट. मग मी कुणाला म्हणून दाखवू? तुला?”

“मला नको. मी तुझ्या चुका काढीन.”

“ते पण काढतात,” ॲल्वा म्हणाली. “म्हणून तर.”

ते गाणं टूमींच्या घरचं. जत्रेहून परतताना तळ्यात बुडालेल्या तीन भावांचं. त्या तिघांच्या बहिणीने रचलेलं, आणि ती बहीण म्हणजे फिनबारच्या आजीची आजी. त्याला नाव नव्हतं. गावात नुसतं ‘टूमींचं गाणं’ म्हणत, आणि टूमींपैकी कुणी खोलीत असेल तर दुसरं कुणी ते म्हणत नसे.

मंगळवारी ॲल्वाने ते कोटांच्या खोलीत म्हटलं. इथली रीत आहे तशी भिंतीकडे तोंड करून बसली, डोळे मिटले, आणि सुरू केलं. तिसऱ्या कडव्यात, जिथे धाकट्याची टोपी पाण्यावर दिसते, तिचा आवाज हलला आणि तिचा हात मांडीवरून सरकून बाकावर उताणा पडला.

आता याला उत्तर एकच असतं. जड गाणं म्हणणाऱ्याचा हात शेजारचा माणूस आपल्या हातात घेतो आणि हळूहळू गोल फिरवत राहतो, रहाट फिरवावा तसा. कुणी सांगत नाही, कुणी ठरवत नाही. गाणारा आत उतरलेला असतो, त्याला वर माणूस आहे हे कळलं पाहिजे, एवढंच.

गॉबनिटचा हात पुढे झाला आणि थांबला. शिबिराचा नियम होता, मोठ्यांनी मुलांना हात लावायचा नाही. नियमाबद्दल तिचं भांडण नव्हतं. तिच्या लहानपणी या गावात एक पाद्री होता, आणि तो वेदीमागे पोरांशी काय करतो हे ठाऊक असून गाव दर नाताळला त्याच्या घरी टर्की कोंबडा पोचवत होतं. तेव्हा हा नियम कुणी केला असता तर तिने त्या माणसाचे पाय धुतले असते. नियम उशिरा आला होता, पण बरोबर होता. तिने हात मागे घेतला.

मग नेसा नावाच्या, दिवसभर चॉकलेटं खाणाऱ्या पोरीने काय वाटलं कोण जाणे, आपली चिकट बोटं फ्रॉकला पुसली आणि ॲल्वाचा हात धरला. नुसता धरला. पण ॲल्वाचा आवाज सावरला, आणि गाणं शेवटाला गेलं.

“हे गाणं संपतं तरी का कधी?” मागून एक पोरगा म्हणाला.

“त्याआधी तू संपशील,” नेसा म्हणाली.

इथवर ठीक होतं. गॉबनिटने इथेच गप्प बसायला हवं होतं. पण तिला त्या चिकट हाताचा इतका आनंद झाला की तिने समजावून सांगायला घेतलं. हात असा धरायचा. अंगठा असा. फिरवायचा असा, गाण्याच्या ओढीने, ठेक्याने नाही. मग तिने पोरांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना सराव करायला सांगितला. ज्या गोष्टीचा सराव कुणी कधी केला नव्हता, तिचा सराव. आठ पोरं एकमेकांचे हात गरागरा फिरवत खिदळायला लागली, आणि दारात कोलमन टार्पी मोबाइल धरून उभा होता.

“हे काय आहे?” त्याचे डोळे लकाकत होते.

“वर्ग आहे.”

“नाही गं, हे हात! गॉबनिट, हे सोनं आहे सोनं! इतकी वर्षं लपवून ठेवलंस?”

“लपवलं नव्हतं. तू खोलीत आलास की कुणी गात नाही.”

कोलमन हसला. त्याचा अपमान करणं म्हणजे बदकावर पाणी ओतणं. “शुक्रवारी राज्यमंत्री येतायत,” तो म्हणाला. “शेवटच्या आयटमला अख्खा हॉल हात फिरवतोय, अशी कल्पना कर. मला अंगावर काटा आला बघ.” आणि त्याने खरंच बाही वर करून दाखवली. काटा नव्हता.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. रंगीत म्हणजे शब्दशः. कोलमनने खोकी भरून मनगटाचे पट्टे मागवले होते, अंधारात हिरवे चमकणारे. प्रत्येक खुर्चीवर एक. ॲल्वाला हिरवी शाल, कानाला अडकवायचा माइक, आणि समोर बघून हसायची सूचना. मागे वाजणारं संगीत त्याने आपल्या जुन्या दह्याच्या ओळखीतून करून आणलं होतं. त्यात ढोल होता.

“आणि कडवी दोनच,” तो म्हणाला.

“कोलमन, यात तीन माणसं बुडतात,” गॉबनिट म्हणाली.

“माहितीय ना! म्हणून तर पहिली दोन घेतली. त्यात अजून कुणी बुडत नाही.”

गॉबनिटने त्याच्याकडे पाहिलं. दगडाला राग येत असता तर तो जसा पाहील तसं.

“आणि ऐन वेळी पोर घाबरली तर पंचाईत नको,” कोलमन पुढे म्हणाला. “म्हणून आवाज आजच भरून ठेवू. उद्या ओठ हलवले तरी पुरे. सगळे तेच करतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

“व्यावसायिक लोक.”

“मग एखाद्या व्यावसायिक बाहुलीलाच आण. पोरगी हवी कशाला?”

ती ॲल्वाला घेऊन बाहेर आली. “चल, आपण नाही करायचं हे. सांगते त्याला, घाल तुझा ढोल तुझ्या गळ्यात.”

“नको,” ॲल्वा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नाही. “मी नाही म्हटलं तर मला कार्यक्रमातूनच काढेल. आजोबा येतील आणि पोरींचे पाय बघून परत जातील. भरू दे त्याला आवाज. उद्या एकदा स्टेजवर चढले ना, की मी सातही कडवी म्हणणार. माइक बंद केला तरी म्हणणार. बंद कर म्हणावं!”

त्या क्षणी गॉबनिटला ती इतकी फिनबारसारखी दिसली की तिने वाद घातला नाही.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. दोन शहरांतून आज्या आल्या होत्या, पणजोबांचं गाव बघायला बोस्टनहून आलेलं एक कुटुंब अंगावर एवढं हिरवं लेऊन बसलं होतं की कुणीतरी त्यांना कुंपण समजून ओलांडलं असतं. आश्रमाची गाडी वेळेवर आली. मॉसी ड्रायव्हरने पाच म्हाताऱ्यांना चाकांच्या खुर्च्यांतून आणून मागच्या दाराशी रांगेत लावलं. फिनबार मधे होता. कुणीतरी त्याला टाय बांधला होता. गॉबनिट शेजारी जाऊन बसली.

“कसा आहेस, फिनबार?”

“बस चुकली,” तो म्हणाला. मग त्याने हॉलभर नजर फिरवली. छत बघितलं, खिडक्या बघितल्या, जिथे पूर्वी शेगडी होती तो कोपरा बघितला. “भिंती रंगवल्यात,” तो म्हणाला. “बेकार रंग आहे.”

गॉबनिटच्या पोटात उजेड पडला. पोरीचं खरं होतं. त्याला जागा ओळखीची वाटत होती.

नाच सुरू झाला. पोरी टोप हलवत, हात अंगाला चिकटवून, जमीन फोडायची असल्यासारख्या नाचू लागल्या.

“यांच्या पायांना काय झालंय?” फिनबारने विचारलं. त्याचा आवाज अजून हॉलभर जायचा.

“रंग आहे तो.”

“कावीळ आहे. डॉक्टरला बोलवा कुणीतरी.”

पुढच्या रांगेतली एक आई वळली आणि तिने डोळे मोठे केले. फिनबारने तिच्याकडे बघून मान हलवली. “ही तुमची का? फार उशीर करू नका.”

नाच झाला, बासऱ्या झाल्या, डफ झाले. राज्यमंत्री आले नाहीत. कोलमनने स्टेजवर येऊन सांगितलं की ते रस्त्यात आहेत. रस्त्यात सगळेच असतात. मग डफ पुन्हा झाले. मग बोस्टनच्या कुटुंबाला स्टेजवर बोलावून त्यांचं आडनाव विचारलं, आणि लोकांनी आडनावाला टाळ्या वाजवल्या. मग डफ तिसऱ्यांदा झाले. मॉसी सारखा घड्याळ बघू लागला, आणि शेवटी त्याने पहिल्या खुर्चीचा ब्रेक काढला.

गॉबनिट धावत स्टेजच्या कडेला गेली. “कोलमन, ॲल्वाला आत्ता घे.”

“वेड लागलंय का? तो शेवटचा आयटम आहे. मंत्र्यांसाठी ठेवलाय.”

“तिच्या आजोबाची गाडी निघाली. तिने आठवडाभर हे सगळं सहन केलं ते त्याच्यासाठी. मंत्र्यासाठी नाही.”

“अगं, मग त्यांना व्हिडिओ पाठवू ना!”

“त्याला व्हिडिओतलं माणूस आणि खिडकीतलं माणूस यात फरक कळत नाही.”

“मग तर प्रश्नच मिटला,” कोलमन म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज मऊ केला. “पुढच्या वर्षी त्यांना पहिल्या रांगेत बसवू. शब्द देतो.”

गॉबनिटला त्याच्या थोबाडीत द्यायची नव्हती. थोबाडीत द्यायला समोर माणूस लागतो. ती सरळ पडद्यामागे गेली. ॲल्वा हिरव्या शालीत, गालाला माइक चिकटवून, खुर्चीच्या टोकावर बसली होती.

“तुझे आजोबा चाललेत,” गॉबनिट म्हणाली. “मंत्री आल्याशिवाय हा तुला सोडणार नाही.”

ॲल्वाने एकही प्रश्न विचारला नाही. माइक काढला, शाल काढली, दोन्ही नेसाच्या मांडीवर टाकलं आणि मागच्या दाराने पळाली.

बाहेर चौघे म्हातारे गाडीत चढले होते. फिनबारची खुर्ची शेवटची, उघड्या दारालगत, पट्ट्याने बांधलेली. मॉसी दार ओढणार तोच ॲल्वा पायरीवर येऊन उभी राहिली.

“एक गाणं, मॉसी,” मागून धापा टाकत गॉबनिट म्हणाली.

“बाई, चहाच्या आत पोचायचंय मला. यांच्या गोळ्या असतात.”

“गोळ्या थांबतील.”

“मोठं आहे का?”

“सात कडवी.”

“अरे देवा!” मॉसी म्हणाला. “बायकांनो, माझी नोकरी घालवा तुम्ही.” पण तो गेला, पुढे बसला आणि त्याने इंजिन बंद केलं.

फिनबार पोरीकडे निरखून बघत होता. “कुणाची गं तू?”

“ॲल्वा. मार्टिनची.”

“कुठल्या मार्टिनची?”

“तुमच्या.”

“मार्टिनला मुलगी आहे?” तो म्हणाला. “मला कुणी सांगितलं नाही.” आणि त्याने मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, बस येतेय का ते.

ॲल्वा गाडीच्या पायरीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून, हॉलच्या भिंतीकडे तोंड करून. डोळे मिटले. उजवा हात तिने मागे, त्याच्या खुर्चीच्या कडेला टेकवला आणि गायला लागली.

पहिलं कडवं झालं. फिनबार खिडकीतून बघत होता. दुसऱ्यात भाऊ जत्रेहून निघाले. फिनबारने टायची गाठ चाचपली. फाटकातून एक काळी गाडी सुसाट आत आली, दारं आपटली, माणसं हॉलात घुसली. गॉबनिटने दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल खुपसले, कारण ते ॲल्वाचा हात धरायला धावत होते.

तिसरं कडवं सुरू झालं आणि भिंतीपलीकडे ढोल वाजला.

हॉलातले दिवे गेले, खिडक्यांवर काळे पडदे ओढले गेले. पडद्याच्या फटीतून गॉबनिटला दिसलं, अंधारात शंभरदीडशे हिरवे पट्टे वर आले आणि गोल गोल फिरू लागले, ठेक्यात, एकदम, कवायतीसारखे. स्टेजवर प्रकाशाचा गोळा पडला होता आणि त्यात कुणीच नव्हतं. भरून ठेवलेला आवाज मात्र गात होता, ॲल्वाचाच, खणखणीत, दुप्पट वेगाने. गोळ्यात पोरगी नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं असेल, आणि त्यांना ती कल्पकता वाटली असेल. मंत्रीसुद्धा हात फिरवत होता. शेजारी कोलमन, चेहरा आकाशाकडे केलेला, सर्वांत जोरात.

ॲल्वाला आपलाच आवाज आपल्या अंगावर येताना ऐकू आला. ती अडखळली. धाकट्याची टोपी पाण्यावर आली आणि पुढचा शब्द आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ढोलात सापडली. गाणं थांबलं.

“वारा नव्हता,” फिनबार म्हणाला.

तो अजून खिडकीकडेच बघत होता. पण त्याचा हात खुर्चीच्या कडेवरून खाली आला होता, चाचपडत, आणि त्याने पोरीची बोटं पकडली.

“वारा नव्हता त्या दिवशी,” तो चिडून म्हणाला. “पुढे म्हण की. मधेच काय थांबतेस? त्यांना तसंच पाण्यात ठेवणारेस का?”

आणि त्याने हात फिरवायला सुरुवात केली. सावकाश, मनगटातून, जड वस्तू वर ओढणाऱ्या माणसासारखा. ॲल्वाने शब्द धरला. वारा नव्हता, तळं आरशासारखं होतं, आणि टोपी तेवढी तरंगत होती. चौथ्या कडव्यात तो तिच्याबरोबर पुटपुटू लागला, पाचव्यात त्याने एके ठिकाणी “हळू” म्हटलं, आणि ती हळू झाली. आत ढोल थांबला. दोनच कडवी होती ना, कुणीही न बुडता संपली. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, रिकाम्या स्टेजसाठी लोक उठून उभे राहिले. गाडीत पलीकडे बसलेल्या एका म्हातारीने स्वतःच स्वतःच्या छातीवर क्रुसाची खूण केली. पुढे मॉसीने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

सहावं झालं. सातव्यात बहीण घराचं दार उघडं ठेवते आणि चूल विझू देत नाही.

या गाण्यांचे शेवटचे शब्द गात नाहीत. ते साध्या आवाजात बोलून टाकतात, म्हणजे गाणारा वर आला, आता तो आपल्यातच आहे, हे सगळ्यांना कळतं. ॲल्वाने ते बोलून टाकले. फिनबारचा हात फिरायचा थांबला, पण त्याने बोटं सोडली नाहीत.

“पाचव्यात घाई केलीस,” तो म्हणाला. “मार्टिन पण तिथेच करतो.”

तेवढ्यात कोलमन टार्पी बाहेर आला. घामाघूम, मनगटावर हिरवा पट्टा, मागे फोटोवाला. “ॲल्वा! कुठे होतीस तू? काय जमलं माहितीय! मंत्र्यांना तुझ्याबरोबर फोटो हवाय, चल, चल लवकर, आणि ती शाल...” त्याने गाडीत पाहिलं. पायरीवर बसलेली पोरगी पाहिली, हात पाहिला, आणि त्याच्या तोंडावर गोड काळजी पसरली. “अगं, म्हणत होतीस का? थांबलीस का मधेच? दारातून ऐकलं मी, शेवट नुसता बोललीस. चाल विसरलीस वाटतं?”

फिनबारने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याचे पांढरे बूट, पट्टा, दात.

“हा कोण?” त्याने विचारलं.

“कोणी नाही, फिनबार,” गॉबनिट म्हणाली, आणि कोलमनला पाठ करून ती ॲल्वाच्या पलीकडे गाडीत चढून बसली. “मॉसी, दार लावून घे. आम्ही पण येतोय.”